पाण्याने अंत्यसंस्कार : सौम्य कोणासाठी?

अमळनेरसारख्या गावात घरचे कुत्रे किंवा मांजर मेले तर त्याचे करायचे काय, हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. घराला परसदार असे, गावाला लागून शेत असे. तिथे खड्डा खणून पुरले की झाले. आयुष्यभर राबलेला बैल आपल्याच शेतात पुरणारे शेतकरी खानदेशात आजही आहेत. पण गावे वाढली, परसदारे गेली, अंगणात फरशी आली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तर अंगणही नाही. मग मेलेले जनावर कधी कचऱ्याच्या ढिगावर, कधी रस्त्याच्या कडेला, कधी नदीच्या पात्रात जाते. ज्या कुत्र्याला मुलांनी दहा-बारा वर्षे आपल्या ताटातली भाकर दिली, त्याचा शेवट असा व्हावा हे घरात कोणालाच आवडत नाही. आणि मुले दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन विचारतात, "सर, त्याचं आता काय होतं?"

या प्रश्नाला धीर देणारे उत्तर प्रत्येक शिक्षक आपल्या परीने देतोच. त्याला एक उत्तर रसायनशास्त्राचेही आहे. ते सहसा दिले जात नाही, कारण ते कठोर वाटेल अशी आपल्याला भीती असते. प्रत्यक्षात ते तसे नाही. या लेखात ते उत्तर एका नव्या पद्धतीच्या निमित्ताने पाहू.

मोठ्या शहरांनी या प्रश्नावर भट्टीचा मार्ग काढला आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२३ साली मालाड येथे कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी नळाने येणाऱ्या गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र भट्टीच्या जोडीने आणखी एक मार्ग रूढ होत आहे. त्यात आग नसते. प्राण्याचे शरीर गरम, अल्कधर्मी पाण्यात ठेवले जाते आणि काही तासांनी फक्त हाडे उरतात. व्यापारी जगात याला 'ॲक्वामेशन' म्हणतात. रसायनशास्त्रात त्याचे नाव अल्कधर्मी जलापघटन. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचे २६ डिसेंबर २०२१ रोजी निधन झाले, तेव्हा त्यांच्या पार्थिवावर याच पद्धतीने संस्कार झाले आणि हे नाव आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांत आले. पद्धतीची जाहिरात करणारे तिला 'सौम्य' म्हणतात. हा शब्द कितपत खरा आहे, ते तपासून पाहण्यासारखे आहे.

ॲसिड नव्हे, साबणाचा कारखाना

'शरीर द्रवात विरघळवतात' असे ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ॲसिड येते. इथे ॲसिडचा संबंध नाही. वापरतात ते ॲसिडच्या विरुद्ध टोकाचे पदार्थ : सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड. द्रावणात साधारण ९५ भाग पाणी आणि ५ भाग अल्कली असते.

अमळनेरच्या लोकांना ही रसायनक्रिया वेगळ्या रूपात चांगली माहीत आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिचीच 'विप्रो' झाली. सुरुवातीला ती वनस्पती तूप करी आणि त्याच्या जोडीला '७८७' नावाचा धुण्याचा साबण. तूप आणि साबण एकाच छपराखाली का, याचे कारण रसायनशास्त्रात आहे. कच्च्या तेलात काही सुटी मेदाम्ले असतात. कॉस्टिक सोडा घालून ती काढून टाकली की त्यांचा साबण होतो.

तेलाच्या किंवा चरबीच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. अल्कलीसह उकळले की हे तीन सांधे सुटतात. ग्लिसरॉल वेगळे होते आणि मेदाम्लांचे सोडियमशी लवण तयार होते. हे लवण म्हणजेच साबण. ही क्रिया साबणीकरण म्हणून आपण दहावीनंतर शिकवतोच. पाण्याच्या अंत्यसंस्कारात प्राण्याच्या शरीरातील चरबीचे नेमके हेच होते.

शरीरात चरबीइतकाच, बहुधा तिच्यापेक्षा जास्त, भाग प्रथिनांचा असतो. स्नायू, कातडी, केस, नखे ही सगळी प्रथिने. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. दोन मण्यांमधला जोड म्हणजे पेप्टाइड बंध. हे बंध जुळताना प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडलेला असतो. तोडताना तो पाण्याचा रेणू परत द्यावा लागतो. म्हणून या क्रियेचे नाव जलापघटन. आपल्या पोटात आणि आतड्यांत डाळीच्या प्रथिनांचे हेच होते, फक्त तिथे काम विकरे करतात. इथे ते अल्कली आणि उष्णता करतात. न्हाणीघराच्या मोरीत केस अडकले की कॉस्टिक सोड्याची भुकटी टाकून वर गरम पाणी ओततात, ती हीच क्रिया.

भांड्यात काय घडते

प्राण्याचे शरीर जाळीच्या टोपलीत ठेवून टोपली पोलादी टाकीत उतरवतात. पाणी आणि अल्कली सोडून टाकी बंद करतात आणि द्रावण तापवतात. दोन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. दाब नेहमीच्या हवेइतकाच असतो आणि कामाला १८ ते २० तास लागतात. दुसऱ्यात टाकी प्रेशर कुकरसारखी बंद असते, तापमान १५० अंशांपर्यंत नेतात आणि काम ४ ते ६ तासांत होते.

तापमानाचा आणि वेळेचा हा संबंध वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. २५ अंशांवरून ९५ अंशांवर जायचे म्हणजे सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट. ९५ अंशांवर १८ तासांत होणाऱ्या कामाला खोलीच्या तापमानाला सुमारे तीन महिने लागतील असे यातून निघते. आता हाच नियम १५० अंशांना लावा. उत्तर अर्ध्या तासाच्या आत येते. प्रत्यक्षात ४ ते ६ तास का लागतात? कारण मोठी टाकी तापायला आणि निवायला वेळ जातो, अल्कली मांसाच्या आतपर्यंत झिरपायला वेळ जातो, आणि रोगजंतू उरणार नाहीत याची खात्री म्हणून थोडा वेळ जास्तच ठेवतात. ढोबळ नियम कुठे चालतो आणि कुठे नाही, हेही मुलांना यातून समजते.

शेवटी टाकीत दोन गोष्टी उरतात. एक, चहाच्या रंगाचा द्रव. त्यात अमिनो आम्ले, त्यांच्या लहान साखळ्या, साबण आणि क्षार असतात. दुसरी, टोपलीतली हाडे. हाडाचा कठीण भाग कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि तो अल्कलीत विरघळत नाही. हाडातले कोलॅजेन हे प्रथिन मात्र निघून जाते, त्यामुळे उरलेले हाड पांढरे आणि ठिसूळ होते. ते धुऊन, वाळवून, दळून त्याची पांढरी पूड मालकाला देतात.

आगीतल्या दहनानंतर जे मिळते त्याला आपण राख म्हणतो, पण त्यातला मुख्य भागही हाडांतले खनिजच असते. या बाबतीत आपली भाषा अचूक आहे. आपण अस्थिविसर्जन म्हणतो. आग असो वा अल्कली, मागे उरतात त्या अस्थीच.

शेतखतापासून सुरुवात

ही कल्पना अंत्यसंस्कारासाठी जन्मली नाही. इंग्लंडमधील अमोस हर्बर्ट हॉब्सन याने १८८८ साली हाडे आणि जनावरांचे टाकाऊ अवशेष अल्कलीत शिजवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याला हवे होते खत आणि जिलेटिन. शंभर वर्षांनंतर, १९९० च्या सुमारास, अमेरिकेतील अल्बनी मेडिकल कॉलेजपुढे वेगळी अडचण उभी राहिली. प्रयोगात वापरलेल्या प्राण्यांच्या शरीरांत थोडे किरणोत्सारी पदार्थ असत. ती जाळता येत नव्हती आणि पुरणे महाग होते. तेथील गॉर्डन काये आणि पीटर वेबर यांनी हॉब्सनची जुनी कृती नव्या पोलादी टाकीत उतरवली.

त्याच काळात युरोप गाईंच्या 'मॅड काउ' या रोगाने हवालदिल झाला होता. हा रोग प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि प्रायॉन नुसत्या उकळण्याने मरत नाही. खरे तर ते जिवंतच नसते, त्यामुळे 'मरणे' हा शब्दही चुकीचा. पण ते प्रथिन आहे, आणि दाबाखाली १५० अंशांच्या अल्कधर्मी द्रावणात त्याचेही पेप्टाइड बंध तुटतात. त्यामुळे या पद्धतीला पशुवैद्यकात जागा मिळाली. तिथून ती पाळीव प्राण्यांकडे आणि मग माणसांकडे आली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००३ साली माणसांसाठी तिला मान्यता दिली.

हिशेब मांडून पाहू

आता एक २० किलो वजनाचे कुत्रे घेऊ. ढोबळ मानाने त्याच्या शरीरात पावणेतेरा किलो पाणी, साडेतीन किलो प्रथिने, तीन किलो चरबी आणि पाऊण किलो खनिजे असतात. मंडळी, यातले काहीही 'नाहीसे' होत नाही. ते कुठे जाते, एवढाच प्रश्न असतो.

भट्टीत काय होते? सर्वप्रथम पावणेतेरा किलो पाण्याची वाफ करावी लागते. ३० अंशांवरचे पाणी उकळून त्याची वाफ करायला एका किलोमागे सुमारे २,५५० किलोज्यूल लागतात. म्हणजे एकूण साधारण ३२,५०० किलोज्यूल, विजेच्या भाषेत ९ युनिट. शिवाय भट्टी सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवायची, तिच्या विटा तापवायच्या, आत घेतलेली सगळी हवा तापवून धुराड्यातून सोडून द्यायची. खरा खर्च इथे असतो. चरबी जळताना थोडी उष्णता परत मिळते, पण तेवढ्याने भागत नाही.

टाकीत ६० लिटर पाणी घेतले तर कुत्र्यासह ८० किलोचा ऐवज होतो. तो ३० वरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे २१,७०० किलोज्यूल, म्हणजे ६ युनिट लागतात. वाफ करायची नसते आणि धुराडे नसते. टाकीला चांगले आवरण असेल तर पुढचे १८ तास तिला गरम ठेवायला फार ऊर्जा लागत नाही. नेदरलँड्समधील टीएनओ या संशोधन संस्थेने २०११ साली माणसांच्या अंत्यसंस्काराच्या वेगवेगळ्या पद्धतींची पर्यावरणाच्या दृष्टीने तुलना केली. दफन आणि दहन यांच्यापेक्षा अल्कधर्मी जलापघटनाचा भार कमी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

इथे एक सावधगिरी हवी. 'या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड होत नाही' असा दावा कधी कधी वाचायला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. शरीरातला कार्बन द्रवात जातो आणि पुढे सांडपाण्यातले जिवाणू तो खातात, तेव्हा त्याचा कार्बन डायऑक्साइड होतोच. वाचतो तो भट्टीत जाळलेल्या गॅसचा कार्बन. शरीरातला कार्बन अन्नातून, म्हणजे शेवटी हवेतूनच आलेला असतो. तो परत हवेत गेला तर बिघडत नाही.

अल्कली किती लागते? साडेतीन किलो प्रथिनांचे सगळे बंध तोडले तर सुमारे सव्वा किलो कॉस्टिक सोडा खर्च होईल. तीन किलो चरबीचा साबण व्हायला आणखी सुमारे साडेचारशे ग्रॅम. म्हणजे टाकलेल्या ३ किलोंपैकी निम्म्याहून थोडा अधिक. उरलेल्या अल्कलीमुळे द्रव अल्कधर्मीच राहतो. त्याचा सामू ११ किंवा त्याहूनही जास्त असतो. सोडण्यापूर्वी तो आणखी खाली आणावा लागतो.

पाणी कुठे जाते?

'सौम्य' या शब्दाची खरी परीक्षा इथे होते. मेलेल्या प्राण्याला आग काय आणि पाणी काय, दोन्ही सारखेच. त्याला वेदना नाहीत. ९५ अंशांवरचे कॉस्टिक द्रावण हे सौम्य रसायनही नव्हे. ज्वाळा दिसत नाहीत, धूर नाही, म्हणून मागे राहिलेल्या माणसांना ती पद्धत सौम्य वाटते. हा दिलासा खोटा मानायचे कारण नाही. पण पद्धत नदीला आणि जमिनीला सौम्य आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या चहाच्या रंगाच्या द्रवाचे आपण काय करतो यावर ठरते.

हा द्रव निर्जंतुक असतो. पण निर्जंतुक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. त्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य इतके असते की ते कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन नेहमीच्या शहरी सांडपाण्याच्या शंभर पटींहून अधिक भरतो. ज्या शहरात भुयारी गटारे आहेत आणि सांडपाण्यावर नीट प्रक्रिया होते, तिथे रोजच्या लाखो लिटरांत हे ७०-८० लिटर मिसळून जातात. जिथे उघडी गटार थेट ओढ्यात जाते, तिथे गोष्ट वेगळी.

अमळनेरची बोरी नदी पावसाच्या पाण्यावर वाहणारी. उन्हाळ्यात पात्रात जागोजाग डबकी राहतात. अशा डबक्यात हा द्रव सोडला तर पाण्यातला ऑक्सिजन संपेल, मासे मरतील, आणि पावसाळ्यात उरलेसुरले पुढे तापीला जाऊन मिळेल. म्हणजे असे यंत्र अमळनेरला बसवायचे ठरवले तर टाकीच्या आधी सांडपाण्याची व्यवस्था पाहावी लागेल.

दुसरा मार्ग शेताचा. साडेतीन किलो प्रथिनांत सुमारे ५६० ग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे सव्वा किलो युरियाइतका. हॉब्सनला खत हवे होते ते यामुळेच. पण अल्कली कोणती वापरली हे इथे महत्त्वाचे ठरते. कॉस्टिक सोडा वापरला तर द्रवात सोडियम जाते. काळ्या जमिनीत सोडियम साठले की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. हे खानदेशातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर पिकाला पालाश मिळते. ते महाग असते. पद्धत एकच, पण एका रसायनाच्या निवडीने जमिनीचे हित किंवा अहित ठरते.

एक फायदा मात्र निःसंशय आहे. दुखणाईत प्राण्याला पशुवैद्य कधी कधी इंजेक्शन देऊन वेदनामुक्त करतात. त्यात बहुधा पेंटोबार्बिटॉल असते. हे औषध मातीत सहजासहजी नष्ट होत नाही. असे शरीर उघड्यावर टाकले आणि दुसऱ्या प्राण्याने किंवा पक्ष्याने ते खाल्ले, तर खाणाराही मरू शकतो. औषध मृत शरीरातून पुढे जाते याचा जबर धडा आपण गिधाडांच्या बाबतीत घेतला आहे. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचे उत्पादन बंद केले. तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. गरम अल्कलीत पेंटोबार्बिटॉलचाही रेणू तुटतो.

तोवर काय करावे?

जिथे भट्टी नाही आणि टाकीही नाही, तिथे नीट पुरणे हाच चांगला मार्ग आहे. पुरणे म्हणजेही जलापघटनच, फक्त काम जिवाणूंच्या विकरांचे आणि वेळ महिन्यांचा. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. शरीरावर निदान तीन-चार फूट माती यावी. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, त्यातून वास येतो आणि दुसरी कुत्री उकरतात. म्हणून माती चांगली दाबून वर दगड ठेवावेत. जागा विहीर, कूपनलिका आणि नाल्यापासून लांब असावी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुरू नये. त्याने हवा आणि जिवाणू दोन्ही अडतात.

खड्ड्यात चुना टाकला की शरीर लवकर 'विरघळते' अशी समजूत सर्वत्र आहे. चुनाही अल्कधर्मीच, मग तसे का होऊ नये? याचे उत्तर मुलांकडून काढून घ्या. एक तर खड्ड्यात उष्णता टिकत नाही. दुसरे, चुना पाण्यात फार थोडा विरघळतो : लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. तिसरे, कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरा साका होतो, तोच हा साबण. वर चुन्यामुळे जवळचे जिवाणू मरतात. त्यामुळे चुना शरीराचे कुजणे लांबवतो. डुकरांची शरीरे चुन्यासह आणि चुन्याशिवाय पुरून केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. त्यांचे निष्कर्ष २०१२ पासून प्रसिद्ध झाले आहेत. चुना वास आणि माश्या कमी करतो, एवढाच त्याचा उपयोग.

पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्याच्या बाबतीत मुलांना स्पष्ट सांगावे : हात लावायचा नाही. लाळेतून रेबीजचा विषाणू जखमेत जाऊ शकतो. मोठ्या माणसांनीही हातमोजे घालूनच उचलावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

उचलणारे हात

मेलेले जनावर उचलणे हे आपल्या समाजात कधीच सर्वांचे काम नव्हते. ते जातीने काही माणसांवर लादलेले होते. मेलेली ढोरे ओढून नेणे हा महार वतनातल्या वेठीचा भाग होता. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडून द्या, असे आपल्या लोकांना निक्षून सांगितले. मुंबई राज्यातली ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. आजही रस्त्यावरचे मेलेले कुत्रे उचलायला सफाई कामगारच येतात आणि पुष्कळदा हातमोज्यांशिवाय येतात. म्हणून कोणत्याही नव्या पद्धतीचे मोल करताना ऊर्जा आणि पाणी यांच्या बरोबरीने आणखी एक रकाना हवा : शरीर कोण हाताळणार, आणि त्याच्या अंगावर कोणते संरक्षण असणार? कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर डोळा जातो. यंत्र बंद टाकीचे असले तरी ते चालवणारा माणूस प्रशिक्षित आणि सुरक्षित नसेल, तर सौम्यपणा मालकाच्या वाट्याला आणि जोखीम कामगाराच्या वाट्याला येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

कॉस्टिक सोड्याचा कोणताही प्रयोग मुलांकडून करवू नये. त्याशिवायही ही क्रिया समजावता येते.

१. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा. व्हिनेगर दोनदा बदला. खनिज विरघळते, कोलॅजेन उरते आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे हाड शिक्षकांनी शेगडीवर पांढरे होईपर्यंत जाळावे. त्यातले प्रथिन जाते, खनिज उरते, आणि ते बोटांत चुरते. अल्कलीच्या टाकीतून निघालेले हाड या दोहोंपैकी कोणासारखे असेल, हे मुलांना ओळखू द्या.

२. जिलेटिनची जेली दोन वाट्यांत लावा. एका वाटीत कच्च्या पपईच्या फोडी घाला, दुसरीत चांगल्या उकडलेल्या पपईच्या. पहिली जेली गोठणार नाही. पपईतले विकर जिलेटिनचे पेप्टाइड बंध तोडते. उकडल्यावर ते विकर निकामी होते. जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्यातले कोलॅजेनच. पाकिटावर जिलेटिन लिहिले आहे ना, हे पाहून घ्या. चायना ग्रासवर हा प्रयोग होत नाही, कारण ते प्रथिन नव्हे.

३. पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी आणि विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत समान घ्या. दोन्हींत साध्या धुण्याच्या साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. फेस आणि साका यांची तुलना करा. येथे डिटर्जंट वापरू नका.

४. मुलांनी गावाचा साधा नकाशा काढावा. त्यावर विहिरी, नाले, नदी, गटारांची तोंडे दाखवावीत. मेलेल्या जनावरांसाठी जागा निवडायची झाली तर ती कुठे असावी, आणि कुठे मुळीच नसावी, याची कारणे लिहावीत. चांगला नकाशा तयार झाला तर तो नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला नेऊन दाखवायला हरकत नाही.